पाठराखीण ख्रिश्चन आहे का?

लग्न तोंडावर आलं असताना कोरेगावहून होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. मी तेव्हा शिरवळच्या औषध कारखान्यात, प्रयोगशाळेच्या दाराशी उभी होते.

"व्हय गं पोरी, तुझी सांगलीची मावशी ख्रिश्चन झाली म्हणत्यात. खरं हाय का?"

मावशी माझी पाठराखीण म्हणून येणार होती. नवरीसोबत पहिल्यांदा सासरी जाणारी, तिथे तिच्याजवळ राहणारी ही बाई. आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं. तिच्या जागी दुसरी कोणी मला नको होती. उत्तर चुकलं तर तिला येऊ देणार नाहीत, असं मी गृहीत धरलं आणि म्हणाले, "विचारून सांगते."

माझ्या कामात नमुन्याला नाव देण्याआधी निकष ठरलेले असतात. इथे निकषच सापडेनात. मावशी रविवारी मिरजेला प्रार्थनेला जाते, कुंकू लावत नाही, प्रसाद हातात घेते पण खात नाही. मात्र मंगळसूत्र गळ्यात आहे आणि बाप्तिस्मा अजून झालेला नाही. वडील म्हणाले, "ख्रिश्चन-बिश्चन काही नाही. गुडघ्याला उतार पडला म्हणून जाते." मावशीच्या शेजारणीचं मत उलट: "परसाद खात न्हाई म्हंजे झालीच की!" आणि मिरजेची माझी मैत्रीण, जिच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत, ती तर हसलीच. "अगं, त्या बिलिव्हर! टाळ्या वाजवत गातात ते लोक. आमच्या चर्चमध्ये असलं काही नसतं." तिघांचंही निरीक्षण बिनचूक होतं, आणि निष्कर्ष तीन.

शेवटी सांगली गाठली. मावशी शेंगा फोडत बसली होती. मी सरळच विचारलं.

"कोण विचारतंय?" ती म्हणाली.

"सासरचे."

"मग नाही म्हणून सांग. माझ्यापायी लग्न मोडतेस का?"

"आणि मी विचारलं तर?"

तिचे हात थांबले. "विश्वासात आलेय, एवढं खरं. पण ख्रिश्चन म्हणवून घ्यायचं तर तुझ्या काकांना माफ करायला पाहिजे. ते काही जमत नाही बघ."

काका मावशीला सोडून, दुसरा संसार थाटून कधीचे निघून गेले आहेत. हा निकष मला सुचलाच नव्हता, आणि तो तपासायचा कसा हेही कळेना. मी तिच्यासमोरच कोरेगावला फोन लावला. "आई, ती ख्रिश्चन आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. पण पाठराखीण म्हणून तीच येईल."

"आगं बाई, येऊ नगो कोण म्हणतंय? पाठराखणीची वटी भरावी लागती. कुंकू चालत नसंल तर आधी कळाय नको? भरल्या घरात तिनं मान फिरवली म्हंजे? मला लोकं काय म्हणतील?"

मी मावशीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "ओटी घेईन. कुंकू नको."

मी तसं कळवलं. "मग ख्रिश्चनच की!" सासूबाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता.

लग्नानंतर कोरेगावच्या घरी त्यांनी मावशीच्या पदरात तांदूळ, खण आणि नारळ घातला. कुंकवाचा करंडा बाजूलाच राहिला. कुणाचंही लक्ष गेलं नाही. मला हायसं वाटलं. पण आतल्या खोलीत आल्यावर मावशीने दार लोटून घेतलं.

"हा नारळ देवापुढं ठेवलेला होता का गं?"

"मी पाहिलं नाही. विचारू का त्यांना?"

"नको, नको. वाईट वाटेल त्यांना."

"आणि ठेवलेला असला तर?"

"तर काय करायचं, ते मलाही कळत नाही," ती म्हणाली, आणि नारळ पिशवीत न घालता मांडीवर घेऊन बसून राहिली.