चहाआधीची गोळी

कोळवणच्या उपकेंद्रातल्या परिचारिका सुलक्षणा ढमाले यांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी संगणकाचा माउस पहिल्यांदा हातात धरला, तोही उलटा. २००९चा जानेवारी होता. पुण्यातल्या एका संस्थेनं इंटरनेटवर बारा आठवड्यांचा वर्ग काढला होता. डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानदार, फिजिओथेरपिस्ट अशा सगळ्यांनी एकत्र शिकायचं. दर शनिवारी बाई एसटीनं पिरंगुटच्या सायबर कॅफेत जात आणि इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं मराठी लिहीत.

वर्गाचा नियम असा, की आपल्याला न उलगडलेला रुग्ण गटासमोर मांडायचा आणि डॉक्टरांनी सगळ्यांत शेवटी लिहायचं.

बाईंनी बाळाबाई मांडली. डोंगरावरच्या वाडीतली, पाचवा महिना, हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या दोन महिने चालू होत्या, पण आकडा जागचा हलत नव्हता. वाडीतल्या आणखी चौघींचं तेच. तालुक्याच्या बैठकीत एका अधिकाऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "गोळ्या वाटता, की ओढ्यात टाकता?" बावीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी म्हटलं नव्हतं. आकडा वाढल्याशिवाय त्याला उत्तर नव्हतं.

सूसच्या फिजिओथेरपिस्ट स्वरदानं लिहिलं, "गोळ्या नक्की पोटात जातात ना?"

"जातात. मी गेले की माझ्यासमोर गिळतात, एरवी सासू उभी असते."

घोटावड्यातले औषध दुकानदार सुधीर यांनी विचारलं, "कशाबरोबर गिळतात?"

"सकाळच्या कोऱ्या चहाबरोबर. चहा कुणी विसरत नाही, म्हणून मीच ती सवय लावली."

सुधीर यांचं उत्तर लगेच आलं. "सिस्टर, चहाबरोबर लोह अंगी लागत नाही, आवळ्यासारख्या आंबटाबरोबर लागतं. दुकानात मी रोज दहा जणांना सांगतो. तुम्हाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

शेवटी डॉ. विश्राम यांनी लिहिलं, "मी हे विचारलंच नसतं. गोळी वाढवून मोकळा झालो असतो."

सोमवारी सकाळी बाई वाडीवर गेल्या. बाळाबाईनं रिवाजाप्रमाणं आधी दोघींच्या चहाचं आधण ठेवलं.

"चहा नंतर. गोळी आधी, आवळ्याबरोबर. आणि चहा दोन तासांनी."

"म्हंजी पावणीला दोन तास बिनचहाचं बसवू? लोकं काय म्हनतील?"

"पाहुणी मीच ना? मी बसते."

"बसा की. तवर तांदूळ निवडून द्या."

बाईंनी दोन सुपं तांदूळ निवडले. मग चहा झाला. पुढच्या फेऱ्यांना त्या आधी बाकीच्या चार घरी जात आणि बाळाबाईचं घर शेवटी ठेवत, म्हणजे तोवर तिच्या गोळीला दोन तास होऊन गेलेले असत. तांदूळ मात्र तिथंच राखून ठेवलेले असत.

सहा आठवड्यांनी बाळाबाईचं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ भरलं. बाकीच्या चौघींचंही वर गेलं. गटावर सुधीर यांनी एवढंच विचारलं, "तांदूळ एकूण किती किलो झाले?"

तालुक्याच्या पुढच्या बैठकीत त्याच अधिकाऱ्यानं आकडे दोनदा वाचले. "नवीन औषध आलं का?"

"गोळी तीच आहे साहेब. चहाची वेळ बदलली," म्हणत बाईंनी सगळं सांगितलं. आपण लावलेली सवयही लपवली नाही.

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "आमच्या घरीसुद्धा ही गोळी चहाबरोबरच घेतात," ते म्हणाले, आणि बैठक तशीच सोडून बायकोला फोन लावायला बाहेर गेले.