कडीला लोंबकळणारा मिस्त्री

आमच्या पार्किंगच्या छताला केबल टांगायचं काम चाललं होतं, नेमकं आम्ही बायका बसतो त्या बाकाच्या वर. मिस्त्री भोक पाडी, धूळ फुंकून काढी, बोल्ट ठोकून कडी लावी आणि कडीला दोर बांधून खालून सगळ्या अंगाचा भार टाकी.

"झोका घेताय का, मिस्त्री?" शेजारच्या कुसुमताईंनी विचारलं.

"मावशी, खाली तुम्हीच बसणार ना?"

एवढ्यात एक कडी बोल्टासकट निसटली आणि तो आपटला. कुसुमताई हसल्या.

"आजच निघाली, बरं झालं," म्हणत त्याने नवं भोक पाडायला घेतलं.

बाळाला झोळीत घालण्याआधी आम्हीही आढ्याला बांधलेल्या तिच्या दोराला असंच लोंबकळायचो. देवावर विश्वास होताच, पण आढ्याचं काय सांगावं? टांगणाऱ्याने आधी स्वतः पडून घ्यावं, मग दुसऱ्याला खाली बसवावं.