किलीमांजारोच्या फ्लेक्सवर माहा फोटो

पह्यले चहाचा कप खाली ठेवा. मांगच्या डाव हा किस्सा सांगतला तं गज्याच्या नाकातून चहा बाहेर आला, अन् थोबी माह्याच शर्टावर! ठेवला? हां. आता ऐका, म्या माही इज्जत माह्याच हातानं बीबी गावाच्या फाट्यावर कशी टांगली. टांगली म्हणजे खरंच टांगली हो! सुतळीनं. दोन खांबाच्या मंधात.

माह्या मोठ्या बाबाची, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची पोरगी हाय, करुणाताई. बुलढाण्याले नर्स हाय. तिले धावाचं येड. ड्युटी संपली का निघाली राजूर घाटात. लोकाच्या गाड्या त्या घाटात रडत चढते, अन् ही बाई बाजूनं धावत जाते. बरं, धावते तं धावो. आपल्या बापाचं काय जाते?

पण यंदा तिनं काढलं आफ्रिकेचं! तिथं किलीमांजारो नावाचा डोंगर हाय म्हणे. सात-आठ दिवस गाईडसंगं थो चढाचा, पार बर्फापर्यंत. मंग खाली उतराचं, अन् घरी झोपाचं सोडून त्याच डोंगराच्या पायथ्याशी मॅरेथॉन धावाची. बेचाळीस किलोमीटर! म्हणजे बीबीवरून लोणारले जाणं अन् वापस येणं समजा. आमच्याकडं एसटी चुकली तरी माणूस एवढं चालत नाही, फाट्यावर बसून दुसऱ्या दिवशीची वाट पाह्यते.

मले काय झालं, खरं सांगू? पोटात दुखलं. लय दुखलं. ओवा खाऊन जात नाही तसलं दुखणं. मी दहावीले दोन डाव बसेल माणूस, दोन्ही डाव गणितानं कॉलर धरली. अन् घरात माय जेवणाच्या आंधी करुणाताईचं नाव घेते, जेवण झाल्यावर घेते, अन् मंधात मी घास उचलला का ठसका लागंन असं घेते.

"पाह्य, त्या पोरीनं आफ्रिका गाठली. अन् तुले गिरणीवरून दळण आणाले पाठवलं तं तू गाडी मांगतं!"

"माय, गिरणी चढावर हाय ना वं!"

"हाव. किलीमांजारोच हाय थे."

आता बोला! डोंगर आफ्रिकेत अन् त्याचे दगड आमच्या घरात पडून राह्यले.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तं निस्ती ताईच ताई. ताई तंबूत, ताई ढगाच्या वर, ताई चहा पिऊन राह्यली. लोक धडाधड अंगठे दाखवू राह्यले, हात जोडू राह्यले. म्या त्याच दिवशी नवी कटिंग केल्याचा फोटो टाकला. एक अंगठा आला. थोबी माहाच.

एका रोजी ताईचा आवाज आला ग्रुपवर. "इथले गाईड आमाले सारखं 'पोले पोले' म्हणते. म्हणजे हळू हळू. जो घाई करते त्याचं डोस्कं दुखते, वकाऱ्या होते, अन् त्याले खाली आणा लागते. सगळ्यात हळू चालते थोच वर पोचते."

म्या मनात म्हणलं, हळू चालाचं बक्षीस असंन तं मी जन्मापासून त्या डोंगरावर हाओ! मले कोणी हार घातला का?

आता मुद्द्यावर येतो. मी बीबीले रफिकभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. आमच्या भागात कायचाही फ्लेक्स लागते. वाढदिवस, निवड, नोकरी... एकानं तं बैलजोडी घेतली म्हणून लावला होता, बैलाले गॉगल घालून. फ्लेक्सचा एक कायदा असते. मंधात ज्याचा सत्कार हाय त्याचा मोठा फोटो. खाली शुभेच्छुकाची मुंडकी, रांगेत. अन् बाजूले हाताची घडी घालून उभा असते थो मार्गदर्शक. त्याचा मान मोठा.

ताई डोंगरावर पोचली अन् मॅरेथॉनबी पुरी केली, असा निरोप आला. लगेच सरपंच काकू दुकानात हाजर. हातात शुभेच्छुकाची यादी. म्या यादी वाचली. सगळं गाव होतं! आमच्या शेजारचा तीन महिन्याचा पोट्टा होता, ज्याले अजून मान धरता येत नाही, थोबी शुभेच्छुक!

"काकू, माहं नाव कुठी हाय?"

"अबे सुमेध, तू तं घरचाच हाय. घरच्याचं काय नाव टाकाचं?"

घरचा! दळण आणाले घरचा, अन् फ्लेक्सवर परका?

डोस्कंच सरकलं ना. रफिकभाई चहा प्याले गेले होते. म्या माहा फोटो काढला, काळ्या गॉगलवाला, हाताची घडीवाला. नेटवरून एक स्टॉपवॉच उतरवली अन् गळ्यात लटकवली. ताईच्या बाजूले उभा केला. साइज? ताईएवढाच. बरं, जरासाक मोठा. खाली लिहिलं, 'प्रशिक्षक व मार्गदर्शक : मा. सुमेधभाऊ'. मा. सुद्धा टाकलं, अन् छापून काढलं! वाटलं, घंटाभर लोक हासतीन, रफिकभाई शिव्या देतीन, मंग कैचीनं कापून टाकू.

रफिकभाई आले. चष्मा वर केला. "सरपंच का नाम बराबर है ना?"

"हाव भाई."

"तो लगा दे."

संपलं! भाई फक्त बिल देणाऱ्याचं नाव वाचते, हे मी इसरलोच होतो. सांजच्याले म्याच थो फ्लेक्स फाट्यावर बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाऊन मी तोंड धुवू राह्यलो, तं दारात गज्या उभा. माहा लंगोटीयार, पोलीस भरतीची तयारी करते, रोज पाह्यटी रोडवर धावते. त्याच्या मांगं अजून दहा पोट्टे.

"अबे सुम्या..." गज्यानं जीभ चावली. "सुमेध सर! आमाले सांगतलंबी नाही तुमी?"

आता इथं मी 'मजाक होती बे' म्हणलो असतो, तं मी आज तुमच्यासंगं बसून बिस्कुट बुडवत नसतो का सुखानं? पण 'सर' शब्दानं घात केला. शाळेत सर लोकाईनं मले एवढं हाणलं, का आपल्याले कोणी सर म्हणलं तं कान गरम झाले.

"फोनवर चालू होती कोचिंग," म्या म्हणलं. "ताई लाजते सांगाले."

झालं सुरू. दुसऱ्या दिवसापासून मी गज्याच्या गाडीवर बसेल, तोंडात शिट्टी, अन् पुढं अकरा भरतीवाले. शिकवाचं काय? मले एकच गोष्ट माहीत. "पोले पोले! हळू! अजून हळू! गज्या, तू धावून राह्यला बे! डोस्कं दुखंन!"

अकरा पैलवान मान खाली घालून रोडनं असे हळू चालले, का मांगून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बुढी आली, आमाले वलांडून पुढं गेली, अन् वळून म्हणे, "कोन मेलं रे बाबू?"

तरी कोणाले शंका नाही! हिवरा आश्रमाकडचा एक पाहुणा तं फटफटी घेऊन आला, माह्या पोराले शिकवा म्हणे. म्या म्हणलं, टाइम नाही. टाइम कुठी होता? घरी भाकर खाऊन राह्यलो होतो ना!

भाकरीचंच तं खरं दुखणं होतं. फ्लेक्स लागल्यापासून माय बदलली. ताईचं नाव बंद! भाकरीवर लोण्याचा गोळा. समोर बसून माह्याकडं पाह्यते अन् म्हणते, "सुमेध, तुले काही सांगाचं हाय का रे बाबू?"

"काय सांगाचं माय? थे तं हातचा मळ हाय."

"बरं," म्हणे. अन् अजून लोणी.

सांगा, कसं खरं बोलू? सतरा वर्षात पह्यल्या डाव माय माह्याकडं पाहून राह्यली होती अन् मंधात करुणाताई नोहती. थो लोण्याचा गोळा मले कोण्याही मेडलापेक्षा जड वाटे. इज्जत गेली तं गेली, पण हे ताट नाही गेलं पाह्यजे, एवढंच डोक्यात.

म्हणून ठरवलं, ताई येण्याच्या आंधी फ्लेक्स उतरवाचा. भर दुपारी निसणी घेऊन फाट्यावर गेलो. दुपारी फाटा सुना असते. त्या दिवशी नोहता. म्या एक गाठ सोडली का पानठेल्यावरचे चार जण पळत आले.

"सर, नीट करून राह्यले का? तुमी काऊन चढले? उतरा तुमी!"

त्याईनं मले खाली घेतलं, अन् फ्लेक्स अजून चार फूट वर बांधला. आता मेहकरकडून येणाऱ्या एसटीतूनबी मी दिसाले लागलो.

अन् दुसऱ्या दिवशी त्याच एसटीतून ताई आली.

उन्हानं नाकाची साल निघेल, गळ्यात मेडल, पायाचे दोन नख काळे पडेल. लंगडत उतरली. सगळं गाव ढोल घेऊन उभं. मी पानठेल्याच्या मांगं. ताईनं वर पाह्यलं. फ्लेक्स पाह्यला. लय वेळ पाह्यला. मंग हळूच म्हणे, "सुम्या कुठी हाय?"

मी पानठेल्याच्या अजून मांगं सरकलो.

मंग गावातल्या मराठी शाळेच्या मैदानात सत्कार. माय पह्यल्या रांगेत, नवं लुगडं नेसेल. सरपंच काकूनं माइकवर हाक मारली, "करुणाच्या कोचनं स्टेजवर यावं!" गज्यानं मले ढकललं. मी स्टेजवर, ताईच्या बाजूले, हाताची घडी घालाची हिंमत नाही. ताईनं माइक घेतला. म्या मायकडं पाह्यलं अन् त्या लोण्याले मनातल्या मनात शेवटचा जयभीम केला.

ताई म्हणे, "फ्लेक्सवर लिहेल हाय थे खरं हाय."

ऑं?

"मी दहावीत होती, हा सहा वर्षाचा. रोज सकाऊन माह्या सायकलीची हवा सोडे. हायस्कूल बीबीले, गावापासून तीन किलोमीटर. वर्षभर मी धावत गेली. एक डाव ह्यानं आग्यामोहोळाले गोटा मारला अन् मले म्हणे, ताई, थे काय हाय पाह्य ना. त्या दिवशी जशी धावली तशी मी आफ्रिकेतबी नाही धावली. माहा पह्यला कोच हाच!"

गाव टाळ्या वाजवू वाजवू लोळलं. अन् मले, हासू नका, डोळ्यात पाणी आलं. एवढी वर्षं मी जिच्यावर जळलो, तिले त्या डोंगरापर्यंत म्याच हाकललं होतं म्हणा ना! माहाच गोटा, माहंच मोहोळ, अन् मेडल तिच्या गळ्यात. म्हणजे जळाचं सामानबी मीच पुरवलं!

पण ताईचं भाषण संपेल नोहतं.

"तं आता कोच अन् मी, इथून बीबीच्या फाट्यापर्यंत, संगं धावू. आपल्याच फ्लेक्सले हार घालू. चालंन ना सर?"

बायकोची नाही, पोट्ट्याची नाही, पण बहिणीची नजर वळखते माणूस. थे आग्यामोहोळाचं व्याज होतं.

ढोल वाजला. ताई लंगडत निघाली. मी तिच्या पुढं धावलो, जोरात, कारण मांगं माय पाहून राह्यली होती. शाळेपासून गावाबाहेरची गिरणी म्हणजे काय, बिडी पेटवली तं अर्धी व्हते एवढं अंतर. पण शेवटी चढ हाय. सांगतलं होतं ना चढ हाय म्हणून! अर्ध्या चढावर डोस्कं दुखलं. गिरणीपाशी वकारी आली. मी बसलो. ताई बाजूनं गेली, एकाच ठेक्यात, लंगडी असून, अन् जाता जाता म्हणे, "पोले पोले, सर."

अकरा भरतीवाले भवताली उभे. गज्या म्हणे, "सर, काऊन बसले?"

काय सांगू त्याले? तेवढ्यात गर्दीतून माय आली. आरामात, नव्या लुगड्याचा पदर सावरत. बाजूले बसली, पदरानं माहं तोंड पुसलं. मी रडकुंडीले आलो.

"माय, म्या तिले काही शिकवलं नाही वं. खोटं हाय सगळं."

"मले पह्यल्या दिवशीच माहीत होतं. तुले जन्म म्या देल्ला. तू काय कोणाले धावणं शिकोशीन?"

"मंग थे लोणी?"

"तू कधी खरं बोलतं थे पाहून राह्यली होती. अख्खी बरणी संपली रे सुमेध! अन् खरं निघालं तं वकारीसंगं."

सगळे भरतीवाले खो खो. मी मान खाली घालून उठलो, तं माय म्हणे, "थांब. गिरणीपर्यंत आलाच हाय तं सकाऊन टाकेल दळण घेऊन जाय."

काय करता! पिठाचा डब्बा डोक्यावर घेतला अन् घराकडं निघालो. पोले पोले. पाय उचलत नोहते. मांगून थेच गवताच्या भाऱ्याची बुढी आली, माह्याकडं एक डाव पाह्यलं, अन् वलांडून पुढं गेली.

ह्या डाव तिनं इचारलंबी नाही, कोन मेलं म्हणून. दिसूनच राह्यलं होतं ना!