व्याह्यांचा मुक्काम

आमच्या व्याह्यांना एखाद्या शहरात उतरवावं आणि सकाळी 'झोप चांगली लागली' असं त्यांच्या तोंडून वदवून घ्यावं, असा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी मला सांगितलं होतं की माणसं माण तालुक्यातली, साधी, मेंढरांमागं हिंडून वर आलेली, काही म्हणजे काही मागणार नाहीत. ते खरंच निघालं. व्याह्यांनी फक्त एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे वऱ्हाड उतरवलेलं कार्यालय बदलून. का, तर "हितली कुत्री लय गप हायती." जिथली कुत्री परक्या माणसावर भुंकत नाहीत तिथं कुणाला कुणाची फिकीर नसते, असं त्यांचं शास्त्र. कार्यालय काही बदललं नाही. व्याह्यांनी घोंगडं उचललं आणि नवऱ्यामुलाचा बाप असून माझ्या अंगणात मुक्काम टाकला. आमच्या गल्लीतली कुत्री त्यांना पसंत पडली होती.

त्यांच्या घरात हे जागा बघण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दिवाळी झाली की माणमधला चारा-पाणी सरायचं आणि ही मंडळी बायकापोरं, कोंबड्या आणि सामानाचं घोडं घेऊन कृष्णाकाठच्या रानांकडे निघायची. एक जाणता पुढे जाऊन जागा बघायचा, रानाच्या मालकाशी बोलायचा, मग मागून मेंढरं येऊन रात्रभर त्या रानात बसायची. शेतकऱ्याला खत मिळायचं, ह्यांना दाणे. तरुणपणी पुढे जाणारा तो जाणता म्हणजे आमचे व्याही. पुढे मेंढरं विकली, पोरगा शिकला, शिरवळच्या कारखान्यात लागला, पुण्यात फ्लॅट घेऊन राहिला, तरी व्याह्यांनी आपलं काम सोडलं नाही. फरक एवढाच की त्यांच्या मागून मेंढरांच्या ऐवजी मी चालू लागलो.

त्याचं असं झालं की विहीणबाई गेल्या आणि व्याही दहिवडीच्या घरात बसून सुकायला लागले. माझी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही रिकामेच आहात, मामांना घेऊन जरा चार गावं फिरून या." मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे प्रवास म्हणजे माझा विषय अशी तिची समजूत. वास्तविक मी गरम पाण्याचा आणि मऊ गादीचा भोक्ता. नाशिकला जावयानं मोबाइलवर चांदण्या बघून लॉज बुक केलं होतं. व्याही आत आले, काउंटरसमोर उभे राहिले आणि हातातल्या बाटलीतलं पाणी त्यांनी शांतपणे चकचकीत फरशीवर ओतलं. मॅनेजर फडकं आणायला धावला. व्याही उकिडवे बसून पाणी कुठं जातंय ते बघत होते. "उतार आत हाय," ते म्हणाले, "उशाला पानी यील." मी म्हटलं, "अहो, आपली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे." त्यावर म्हणाले, "पान्याला जिना चढाय कितीसा येळ लागतोय, पावणं." मग अर्धं नाशिक पायाखाली घालून आम्ही उंचवट्यावरची एक गल्ली निवडली. तिथं उतार बाहेर होता, वारा होता, कुत्री मनापासून भुंकत होती. शेजारी बँडवाल्यांची तालीम चालते हे तेवढं खोली घेतल्यावर कळलं. "मानसं जागी हायती, चोरी न्हाई व्हायची," असं म्हणून व्याह्यांनी तोंडावरून पांघरूण घेतलं. झोपले मात्र तेही नाहीत. पांघरुणाखाली माणूस जागा आहे की नाही, हे शेजारच्या कॉटवरच्या माणसाला समजतं.

पुण्यात तर त्यांनी कहर केला. पोराच्या सोसायटीत शिरताना गेटावरच्या वॉचमनला त्यांनी अदबीनं विचारलं, "ह्ये रान कुनाचं म्हनायचं?" त्यांच्यात ही रीतच आहे. पाठ टेकायच्या आधी मालक कोण ते विचारायचं आणि त्याला रामराम घालायचा. वॉचमनला वाटलं, जमिनीचा जुना मालक दावा सांगायला आला. त्यानं चेअरमनना फोन लावला, आणि ते बिचारे सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊनच खाली आले. व्याह्यांनी वाकून रामराम घातला आणि सांगितलं, "एक रात बसतो तुमच्या रानात." चेअरमन घाम पुसत माझ्याकडे बघत राहिले. आणि बसले ते खरोखरच एक रात्र. पोटच्या पोराच्या घरी असो की देवाच्या दारी, एका वस्तीत दुसरी रात्र म्हणून काढायची नाही. "जास्ती बसलं की खत बी जाळतं आन् पावना बी," असं म्हणायचे. सकाळी मी गिझरचं पाणी तापायची वाट बघत असायचो आणि व्याही पिशवी घेऊन दारात उभे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण कुठूनही परत येताना ह्यांना सांगली लागायचीच. नाशिकहून साताऱ्याला येणाऱ्या माणसाच्या वाटेत सांगली कशी येते, हे भूगोलात माझा जन्म गेला तरी मला सांगता येणार नाही. एकदा गावभागात मुक्काम, एकदा खणभागात, एकदा विश्रामबागेत. तिथं गेलं की कुत्री, उतार, वारा सगळं विसरून ते प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारायचे, "हितं कवा हीर व्हती का? चिंच व्हती का शेजारी?" लोक माझ्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवायचे. शेवटी एका चहाच्या टपरीवर मी वैतागलो आणि विचारलं, "व्याही, ह्या सांगलीत तुमचं हरवलंय तरी काय?" त्यांनी चहा बशीत ओतला, निवेपर्यंत बघत बसले आणि म्हणाले, "पोराची नाळ."

जावई जन्मला तेव्हा त्यांचा तळ सांगलीच्या बाहेर एका रानात पडला होता; ते रान पुढे शहराच्या पोटात गेलं. व्याही पुढची जागा बघायला गेलेले. संध्याकाळी परतले तर त्यांच्या आईनं पालाच्या बाहेरच अडवून पोरगा झाल्याचं सांगितलं. नाळ बायकांनी तिथल्याच एका झाडाखाली पुरली. पुढच्या रानाच्या मालकाला शब्द गेलेला, म्हणून दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला घोड्यावर बसवून तळ हलला. झाड दिसेनासं होईपर्यंत ती मागं बघत होती म्हणे. पोराचं लग्न झालं की त्या जागी जाऊन नारळ फोडायचा, जेवायचं, असं ती वर्षानुवर्षं म्हणायची. लग्न झालं, आणि तिचं दुखणं निघालं. "हीर आन् चिंच, येवढंच सांगायची," व्याही म्हणाले. "नेमकी जागा तिलाच ठावं. बाप्या मानसाला कोन दावतंय?" त्यांनी बशी तोंडाला लावली. त्या दिवसापासून मी गिझरचं नाव काढलं नाही. सांगलीत आलो की मीही म्हाताऱ्या माणसांना विहीर विचारू लागलो.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मिरजेच्या वाटेवरच्या एका कॉलनीत हिंडत होतो. पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाचं घर होतं आणि मागच्या अंगणात मोठी चिंच. दारात एक वयस्क बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. व्याह्यांनी हात जोडून विचारलं, "रान कुनाचं म्हनायचं ह्ये?" मी सवयीनं माफी मागायला पुढे झालो. पण त्या बाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या सासऱ्याचं. का वं?" इतक्या गावांत ह्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. विहीर होती, ती बुजवून त्यावर आता त्यांची मोरी होती. "मेंढरंवाली बसायची हितं, सासरं सांगायचं," बाई म्हणाल्या. "झाड तोडू दिलं न्हाई त्येनी."

व्याही मागच्या अंगणात गेले. चिंचेखाली बसून त्यांनी जमिनीवर तळवा टेकवला. मी हळूच विचारलं, "हीच का?" "ठावं न्हाई," ते म्हणाले. "असंल बी. सांगणारी न्हाई आता." त्यांच्या पिशवीत प्रत्येक प्रवासात एक नारळ असायचा, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. ते तो हातात धरून घुटमळत होते. बाईंनी आतून एक दगड आणून पुढे ठेवला. "फोडा की. रानाला कुठं जात असती," म्हणाल्या. भाकरी त्यांनीच वाढली आणि पेट्यांची खोली आवरून आम्हाला दोन वाकळा टाकून दिल्या.

सकाळी मी शहाण्यासारखा पिशवी भरून, चपला घालून दारात उभा राहिलो. व्याही पुन्हा चिंचेखाली बसले होते. "निघायचं ना?" मी विचारलं. त्यांनी बुंध्याला हात लावला. मग म्हणाले, "पावणं, आजचा दिस ऱ्हाऊ. त्या टायमाला ती म्हनली व्हती, येक दिस थांबा. म्या थांबलो न्हाई." मी चपला काढल्या. त्या रात्री ते जे झोपले ते ऊन तोंडावर येईपर्यंत उठले नाहीत. पेट्यांच्या कारागिरांनी त्यांच्यासाठी सकाळचं काम थांबवून ठेवलं, पत्रा ठोकला नाही.

त्यानंतर व्याही कुठंच आले नाहीत. चला म्हटलं की म्हणतात, "आता कुठं, पावणं?" दहिवडीच्या घरी बरे असतात, सुट्टीत आलेल्या नातवाला खेळवतात, वेळेवर झोपतात असं लेक सांगते. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही. परवा एका लग्नासाठी मी एकटाच सोलापूरला गेलो. लॉजच्या दारात उभं राहून त्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "उतार कसा हाय?" मी म्हटलं, "बाहेर." "कुत्री?" "भुंकतायत." "मग झोपा की निवांत," ते म्हणाले. खोली चांगली होती, पाणी कढत होतं, गादी मऊ होती. मला झोप काही लागली नाही. शेजारच्या कॉटवर पांघरुणाखाली कुणी जागं नव्हतं.