आई दहापर्यंत मोजायची

आमच्या घरात घोरण्याला कधी कुणी आजार म्हटलं नाही. उलट ती कौतुकाची गोष्ट होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, घोरायला लागले की चुलते अंगणातून म्हणायचे, "झोपला गडी. कष्टाची झोप हाय ती. बंगल्यातल्या लोकांना न्हाय मिळत अशी."

कात्रजच्या पुढे आमचं गाव. आता ते महापालिकेत आलंय, पण आमच्या तोंडी अजून गावच आहे. दोन खोल्यांचं घर, मध्ये अर्धी भिंत. भिंतीच्या अलीकडे बसून मी दहावीचा अभ्यास केला, बारावीचा केला, आणि पलीकडून तो आवाज येत राहायचा, लांबून ट्रॅक्टर चढ चढत यावा तसा. मधेच तो बंद पडायचा. मग आईच्या बांगड्या वाजायच्या, अण्णा कूस बदलायचे आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू व्हायचा. त्या आवाजाने मला कधी त्रास झाला नाही. परीक्षेच्या हॉलमधल्या शांततेनेच मला आधी घाबरायला झालं होतं.

आता मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सदाशिव पेठेत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. खोली मागच्या बाजूला आहे, तिथे रस्त्याचा आवाजसुद्धा पोचत नाही. अशा शांततेत मला ते दिवस आठवतात. लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं, कारण घरातलं दुखणं असं कागदावर मांडायची आमच्याकडे रीत नाही. शिवाय त्यात माझी एक चूक आहे. तीही लिहावी लागेल.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा अण्णा शाळेची व्हॅन चालवायचे. शेतावर इमारती उभ्या राहिल्यावर त्यांनी एक म्हैस ठेवली आणि ही व्हॅन घेतली. आसपासच्या सोसायट्यांमधली मुलं गोळा करून ते शहरातल्या शाळेत सोडायचे. मुलं त्यांना व्हॅनकाका म्हणायची. कॉलेज त्याच वाटेवर असल्याने मी पुढच्या सीटवर बसायचे आणि पहिलीतली एक चिमुरडी माझ्या मांडीवर. कुणाचा डबा सांडलाय, कुणाचा दात पडलाय, सगळं मला कळायचं. त्या सकाळी मला आजही हव्याहव्याशा वाटतात.

सिग्नल हिरवा झाला की मागून सगळी मुलं एका सुरात ओरडायची, "काका, हिरवाऽऽ!" मला वाटायचं तो त्यांचा खेळ आहे. पुढे एकदा मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सिग्नल लागल्यावर त्यांची मान हळूहळू खाली जात होती, डोळे मिटत होते, आणि मुलांच्या ओरडण्याने ते दचकून जागे होत होते. मुलं त्यांना रोज उठवत होती. त्यांच्या दृष्टीने तो खेळच होता.

मग एका सकाळी सातारा रस्त्यावर, गाडी चालू असताना, मांडीवरची चिमुरडी अगदी सहज म्हणाली, "काका, आपण पलीकडे का चाललोय?"

मी मान वर केली. दुभाजक माझ्या डोळ्यांसमोर होता. मी अण्णांचा दंड धरून ओढला. त्यांनी स्टिअरिंग वळवलं, गाडी नीट झाली. मागच्या मुलांना काहीच कळलं नाही. अण्णांनी कॉलेजच्या फाटकाशी मला उतरवलं आणि एवढंच म्हणाले, "आईला सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी वाटेत वही उघडायची बंद केली. सगळा रस्ता त्यांच्याकडे बघत बसायचे.

झोप येते एवढं त्यांनी स्वतःच घरात कबूल केलं, तेव्हा जो तो उपाय सांगू लागला. चुलते म्हणाले, भात बंद कर, भातानं सुस्ती येते. आत्याने मीठमिरच्या ओवाळल्या. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून गोळी दिली आणि म्हणाले, दमणूक आहे, विश्रांती घ्या. अण्णा आणखी लवकर झोपू लागले आणि सकाळी डोकं धरून उठू लागले.

त्याच सुमाराला मानसशास्त्राच्या तासाला सर झोपेवर शिकवत होते. काही माणसांचा श्वास झोपेत वरचेवर थांबतो, असं ते ओघात बोलून गेले. तास संपल्यावर मी बराच वेळ दाराशी रेंगाळले. सगळे गेल्यावर विचारलं, "सर, घोरणारा माणूस मधेच गप्प होत असेल तर?"

"कोण माणूस?"

"ओळखीचे आहेत एक."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या ओळखीच्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. लवकर."

अण्णांना राजी करायला पंधरा दिवस लागले. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एका डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. वयस्कर, बारीक चणीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी अण्णांचा घसा पाहिला, मानेला टेप लावून माप घेतलं आणि विचारलं, "झोपेत श्वास थांबतो का?"

अण्णा म्हणाले, "न्हाय बुवा. मला तर कधी जाणवलं न्हाय."

"आपल्याला कसं जाणवेल? आपण झोपलेले असता. शेजारी कोण झोपतं?"

"आई," मी म्हणाले.

"मग त्या कुठे आहेत?"

"घरी. म्हशीची धार काढायची असते."

"अस्सं. ज्यांना काही माहीत नाही ते दोघे आलात, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना म्हशीकडे ठेवलंत."

त्यांनी मला एक फॉर्म भरायला दिला. कॉलेजात गेलेली घरात मी पहिलीच, म्हणून कागद नेहमी माझ्याकडेच यायचे, आणि माझ्या अक्षराचं सगळ्यांना कौतुक. वाचताना डुलकी लागते का, टीव्ही बघताना लागते का, असे प्रश्न होते. शून्य ते तीन गुण द्यायचे. शेवटचा प्रश्न होता, सिग्नलला गाडी थांबली असताना झोप लागते का?

अण्णा माझ्या कानाशी आले. "शून्य लिही."

"अण्णा, पण..."

"लिही. गाडी बंद केली त्यांनी तर मी काय करू? दिवसभर भिंतीला टेकू देत बसू?"

मी शून्य लिहिलं. अगदी गोल, सुबक शून्य.

डॉक्टरबाईंनी घरीच करायची तपासणी सांगितली. ठरल्या दिवशी संध्याकाळी एक तरुण स्कूटरवरून यंत्र घेऊन आला. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. जाताना तो आईला म्हणाला, "काकू, काही वेगळं करायचं नाही. रोजच्यासारखं झोपू द्या त्यांना." आईने गंभीरपणे मान हलवली. सकाळी येऊन तो यंत्र घेऊन गेला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. दोष अगदी सौम्य. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. फॉर्मही पुन्हा पाहिला. "मला वाटलं होतं तसं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "वजन कमी करा. कुशीवर झोपा."

अण्णांनी येताना पेढे घेतले. चुलते म्हणाले, "मी म्हणलं नव्हतं? कष्टाची झोप!" मीही पेढा खाल्ला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागून मुलं ओरडली, "काका, हिरवाऽऽ!"

पुढे एका रविवारी आई भाकरी थापत होती. थापताना मधेच थांबून उजवा खांदा दाबत होती.

"काय झालं ग?"

"काय व्हायचंय? ह्यांना वळवून वळवून खांदा भरून येतो."

"वळवून म्हणजे?"

"गप पडतात ना ते. मग मी दहापर्यंत मोजते. त्याच्या पुढं धीर निघत न्हाय. तवर श्वास आला न्हाय तर देते ढकलून."

माझ्या कानात एकदम त्या बांगड्या वाजल्या. दहावीच्या वर्षी, बारावीच्या वर्षी, भिंतीपलीकडे.

"आई, ते यंत्र लावलं होतं, तेव्हाही ढकललंस?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "मग? त्या मशीनसाठी मरू देऊ का माणसाला?"

या वेळी दवाखान्यात आईला घेऊन गेलो. धार चुलतीने काढली. आईने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, न घाबरता, म्हशीचं आजारपण सांगावं तसं. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अहो, श्वास दहा सेकंद थांबला तरच आम्ही तो थांबला असं मोजतो. भीतीपोटी भराभर मोजून तुम्ही त्याच्या आधीच ढकलत होतात. म्हणजे मी यांची तपासणी केलीच नाही. तुमची केली." मग त्यांनी विचारलं, "किती वर्षं करताय हे?"

आईने माझ्याकडे बघितलं. "ही पहिलीत होती तवापासून."

मला वाटलं, आता मी बोलले नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. "मॅडम, फॉर्ममध्ये मीपण चुकीचं लिहिलंय. शेवटचा प्रश्न. ते शून्य खरं नाही."

"मग किती?"

"तीन. आणि सिग्नललाच नाही. चालत्या गाडीतसुद्धा. एकदा दुभाजकापर्यंत गेलो होतो. मांडीवर पहिलीतली मुलगी होती."

आई माझ्याकडे बघतच राहिली. अण्णांची मान खाली गेली होती. ते आता रागावतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "खरं बोलतीय पोरगी. मीच लिहायला लावलं."

"किल्ली," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. अण्णांनी गोंधळून व्हॅनची किल्ली काढली. ती घेऊन त्यांनी माझ्या हातात ठेवली. "मी सांगेपर्यंत ही हिच्याकडे. आपल्याकडे नाही."

दुसरी तपासणी इस्पितळात झाली, नातेवाइकांना बाहेर ठेवून. आईला ते पटत नव्हतं. लक्ष ठेवायला बसणाऱ्या मुलीला तिने दारातच बजावलं, "दहाच्या पुढं जाऊ देऊ नको हं पोरी." ती मुलगी हसून हो म्हणाली. या वेळी रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी एकदाच वाचला. दोष तीव्र होता. झोपेत घसा मिटत होता, श्वास वरचेवर थांबत होता, आणि त्यामुळे अण्णांना खरी झोप कित्येक वर्षांत लागलीच नव्हती. नाकावर मास्क लावून हवा आत ढकलणारं एक छोटं यंत्र रोज लावायचं, असं ठरलं.

मास्क पाहून अण्णा म्हणाले, "विमान चालवायचंय का मला?" पण लावला. हवा फुस्सकन बाजूने निसटायची. यंत्रवाला तरुण पुन्हा आला, वाकून बघितलं आणि चाचरत म्हणाला, "काका, मिशी आड येतीय."

अण्णांची मिशी गावात प्रसिद्ध. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच न्हाव्याकडे गेले आणि ती काढून आले. आमच्याकडे मिशी काढतात ती घरात कुणी गेल्यावर. देवळापाशी बसलेले म्हातारे घाबरून उठले. "आरं, कोण गेलं?"

"घोरणं गेलं," अण्णा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तोवर व्हॅन चुलतभाऊ चालवत होता; सकाळी किल्ली माझ्याकडून न्यायचा, संध्याकाळी परत द्यायचा. रोज व्हॅनच्या वेळेला अण्णा रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे. खिडकीतून मुलं हात हलवायची. किल्ली माझ्या ताब्यात होती तेव्हा मला ते बघवत नसे. दीड महिन्याने डॉक्टरबाईंनी यंत्रातली नोंद तपासली, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा डुलकी येते का, सगळं उलटसुलट विचारलं आणि मला म्हणाल्या, "दे ती."

मी पुन्हा पुढच्या सीटवर बसू लागले. सिग्नल हिरवा झाला की मुलांनी तोंड उघडायच्या आत गाडी निघायची. चिमुरडी हिरमुसली. "काका आता खेळत नाहीत," असं ती मला म्हणाली.

घर मात्र फार शांत झालं. मला अभ्यास सुचेना. आईची पंचाईत वेगळीच होती. यंत्राच्या बारीक सुस्काऱ्याखेरीज आवाज नाही, आणि इतकी वर्षं आवाज नाही म्हणजे मोजायला लागायचं, एवढंच तिला ठाऊक. कितीतरी दिवस तिचे डोळे लालच दिसायचे. "हात आपोआप जातो ग," ती म्हणायची.

आणि मग ती सकाळ. म्हशीच्या हंबरण्याने मी जागी झाले. चांगलं उजाडलं होतं. चूल थंड होती. अर्ध्या भिंतीवरून पाहिलं तर अण्णा मास्क लावून सरळ उताणे झोपलेले, आणि शेजारी आई. ती माझ्याआधी उठली नाही असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं, म्हणून आधी मला भीतीच वाटली. जवळ गेले. तिचं तोंड किंचित उघडं होतं, हात स्वतःच्याच उशाखाली होता, आणि ती बारीक घोरत होती.

उठवायला हवं होतं. सोसायट्यांच्या फाटकांशी मुलं उभी असणार. पण मी उठवलं नाही. चहाचं आधण ठेवलं.

अण्णांचा फोन वाजला तेव्हा दोघं एकदम धडपडून उठली. एका मुलाच्या आईचा फोन होता. आवाज मला चुलीपर्यंत ऐकू आला. "काय हो काका, झोपलात की काय आज?"

अण्णांनी मास्क कपाळावर सरकवला. गालावर पट्ट्याचा वळ उठला होता.

"व्हय ताई," ते म्हणाले. "झोपलो होतो. आमची मंडळी पण झोपली होती."

आई केस बांधत माझ्यावर ओरडत होती, "उठवलं का न्हाय गं मला? म्हैस बघ कशी वरडतीय!" मी चहा गाळत होते.