चहाआधीचं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वडलांनी कचेरीसमोर चहाचं हॉटेल टाकलं. पेंटरला बोलावून भिंतीवर सहस्रकुंडाचा धबधबा काढून घेतला. गिऱ्हाईक बसलं की आधी पाण्याचा गिलास, मग चहा. आमच्याकडं आल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे त्याला ऊठ म्हणणं.

मग दुष्काळ पडला. टँकरचं पाणी चहालाच पुरेना. वडलांनी पाण्याचे गिलास माळ्यावर टाकले. गिऱ्हाइकं त्या धबधब्याकडं बघत कोरड्या घशानं चहा प्यायची.

एकदा वडलांचा शाळेपासूनचा दोस्त रेणापूरहून कचेरीच्या कामाला आला. गर्दी लई होती. वडलांनी त्याच्यापुढं नुसता चहा ठेवला अन् भट्टीकडं वळले. तो पाण्याची वाट बघत बसला. शेवटी चहा तसाच ठेवून निघून गेला, तो परत आलाच न्हाई.

मला त्याचा संताप यायचा. दुष्काळ काय त्याच्या गावात नव्हता? वडील म्हणायचे, "दोस्ताला घोटभर तरी द्यायचं होतं रे. पाऊस पडू दे, जाऊन समजूत घालतो."

पावसाआधी दोस्तच गेला. आम्ही रेणापूरला भेटायला गेलो. दारात रिकाम्या घागरी टँकरची वाट बघत होत्या. दोस्ताची बायको आतून काठोकाठ भरलेला गिलास घेऊन आली.

"आधी पाणी घ्या, भाऊजी."

वडलांनी गिलास घेतला. तो त्यांना तोंडापर्यंत नेता येईना.