थोरल्याचा दिवस

माझ्या कादंबरीतली माणसं मरत नाहीत. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती तेव्हापासून ती तिथे मीठ पिकवतात, आणि मिठागरं बुजून त्यावर टॉवर उभे राहिले तरी तिथून हलायला तयार नाहीत. ही कल्पना मला कोपरीच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना सुचली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले. कल्याणच्या एका ऑफिसात फायली पुढे ढकलणाऱ्या बाईला बावन्नाव्या वर्षी अद्भुत कादंबरी सुचते म्हणजे काय! पहिली चार प्रकरणं मी महिनाभरात लिहून काढली. त्यात भरतीचं पाणी बोलायचं, मिठाच्या राशी आपोआप सरकायच्या आणि पात्रं एकमेकांशी फार गंभीर बोलायची.

डोंबिवलीत दर शनिवारी आमचा लिहिणाऱ्यांचा गट जमतो. एका वाचनालयाची मागची खोली, दहा-बारा माणसं. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी चहा पीत त्याची चिरफाड करायची. माझी चार प्रकरणं वाचून झाल्यावर गटातली सगळ्यात लहान, नुकतीच कॉलेज संपलेली मुलगी म्हणाली, "ताई, तुमचं ते जग एकदम भारी आहे. पण हे लोक सकाळी उठतात कशाला? मरायचं तर नाहीये, मीठपण नाही आता. मग दिवसभर करतात काय?"

मी काहीतरी उत्तर दिलं. अमरत्वाचा शाप, काळाचं ओझं, असलंच काहीतरी. ती "अच्छा" म्हणाली. त्या "अच्छा"ने माझा पुढचा अख्खा आठवडा खाल्ला, कारण तिचं बरोबर होतं. मी माणसांना अमर केलं होतं आणि त्यांना कामाला मात्र लावलं नव्हतं.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी होती, पण गेली काही वर्षं मी ती सोयीस्करपणे बाबांच्या नावावर खपवते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की ते विचारतात, "आज काय आहे?" मी वार सांगते. त्या आठवड्यात मी म्हटलं, "मंगळवार." ते म्हणाले, "मंगळवार आहे ते ठीक. मंगळवारी काय करायचं असतं?"

मी हसले. मग डबा भरायचा सोडून ते वाक्य विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. कादंबरीत मी एक म्हातारा आणला. त्याला नाव दिलं नाही, सगळे त्याला थोरला म्हणतात. त्याच्या तोंडचं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर मी बाबांना लुटायला सुरुवात केली. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवत म्हणाले, "निधनवार्तांत आता ओळखीचं कोणी नसतं. सगळे येऊन गेले." ते थोरल्याला दिलं. ते भिंतीकडे बघत बसायचे, ते बसणं दिलं. थोरला शेकडो वर्षांचा, त्याच्याकडे बाबांसारखा औषधांचा डबा शोभणार नव्हता, म्हणून डब्याच्या जागी शिंपल्या केल्या. गटात लोक थोरल्यावर फिदा झाले. गट चालवणारे सर म्हणाले, "मॅडम, हे पात्र तुम्ही कुठून आणलंत?" मी म्हटलं, "सुचलं." लाज वाटली का? थोडी. कौतुकाने ती पटकन विरघळली.

मग मी थोरल्याला एक मुलगी दिली. तीही अमर, आणि बापाचं करण्यात तिची तीनशे वर्षं गेलेली. त्याच सुमाराला खडवलीला एका मैत्रिणीच्या घरी तीन दिवस लिहायला जायचं ठरलं होतं. बॅग भरून झाली आणि बाबांना ताप आला. मी गेले नाही. त्यांचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, माझा उतरला नाही. त्या रविवारी दुपारी, ते आतल्या खोलीत खोकत असताना, मी थोरल्याच्या मुलीच्या तोंडी लिहिलं: "बाबा संपत नाहीत, आणि त्यांच्यापायी माझंही काही सुरू होत नाही." लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी उठून शिरा केला आणि दोघांनी खाल्ला.

कादंबरी पुरी झाली तेव्हा सर म्हणाले की पंधरा दिवसांत स्वच्छ प्रत द्या, ओळखीच्या प्रकाशकाला दाखवतो. स्वच्छ प्रत म्हणजे चुका काढायला हव्यात. आणि आमच्या घरात तर साक्षात मुद्रितशोधक बसलेला. बाबांनी ठाण्यातल्या एका छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासली. त्यांचा एक नियम होता, मुद्रितशोधकाने गोष्टीत शिरायचं नाही. शिरलात की चुका सुटतात. म्हणून ते कधीकधी पान खालून वर तपासायचे, शेवटची ओळ आधी. एक अख्खी खुनाची कादंबरी त्यांनी तीनदा तपासली होती, आणि आईने "खून कोणी केला?" विचारल्यावर त्यांना सांगता आलं नव्हतं. आमच्याकडे हा विनोद वर्षानुवर्षं चालला.

मी त्या विनोदाच्या भरवशावर राहिले. एकशे चाळीस पानं छापून आणली होती. देण्याआधी तरीही हात अडखळला, म्हणून मुलीच्या त्या वाक्यावर काळ्या पेनाने एक रेघ ओढली. पुन्हा छापायचा कंटाळा केला. आणि गठ्ठा बाबांसमोर ठेवला.

पुढचे आठ दिवस घरात वेगळाच माणूस वावरत होता. त्यांनी लाल पेन मागवलं, भिंग शोधून काढलं, टेबल खिडकीशी ओढून घेतलं. सकाळचा "आज काय आहे?" बंद झाला. मी ऑफिसातून आले की "तुझी वेलांटी फार ढिली आहे" म्हणून दटावायचे. मी सुखावले होते, आणि धास्तावलेही होते. आज कितव्या पानावर आहेत ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायचे. त्या चेहऱ्यावर काहीही दिसायचं नाही.

नवव्या दिवशी घरी आले तर गठ्ठा दोरी बांधून टेबलावर तयार. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी पर्सही न ठेवता दोरी सोडली आणि ते पान काढलं. खोडलेलं पुन्हा ठेवायचं असलं की प्रुफात त्या शब्दांखाली टिंबं देतात आणि समासात तसं लिहितात. माझ्या काळ्या रेघेखाली, त्या अख्ख्या वाक्याखाली, एकसारख्या अंतरावर लाल टिंबं होती. समासात बाबांचं अक्षर: राहू द्यावे.

मी तिथेच स्टुलावर बसले.

"वाक्य चांगलं आहे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "का खोडलंस?"

"तुम्ही वाचलंत?"

"खोडलं नसतंस तर कदाचित निसटलं असतं. खोडलेलं दिसलं की आम्ही आधी तेच बघतो. ते काढायचं की ठेवायचं, ठरवावं लागतं ना."

"बाबा, ती थोरल्याची मुलगी आहे. ती म्हणजे मी नव्हे."

"असू दे की." त्यांनी डोळे उघडले. "अगं, सकाळी उठल्यावर मीसुद्धा तेच म्हणतो. तू लिहिलंस, मी मनात म्हणतो, एवढंच."

मला रडू आलं, आणि रडताना रागही आला. त्यांनी मला ओरडावं, चार दिवस अबोला धरावा, असं वाटत होतं. त्यांनी माफ करायलासुद्धा काही ठेवलं नव्हतं.

"पण एक सांगू?" ते पुढे म्हणाले. "नियम मोडून गोष्ट वाचली, म्हणून सांगतो. त्या म्हाताऱ्याला तू नुसता बसवून ठेवलायस. बाकीचे येतात, त्याच्याबद्दल बोलतात, त्याची मुलगी वैतागते. तो दिवसभर काय करतो, ते एकशे चाळीस पानांत कुठेच नाही."

"काय करेल तो?" मी जरा तडकूनच विचारलं.

"मला काय विचारतेस? लेखक तू. बघून लिही."

मी सरांना फोन करून मुदत वाढवून घेतली आणि सोमवारी रजा टाकली. बाबांना आदल्या दिवशीच सांगितलं, उद्या मी घरी आहे. वही घेऊन हॉलमध्ये बसले, आव असा की माझं काहीतरी चाललंय. आंघोळ झाल्यावर त्यांनी स्वतःचा टॉवेल धुतला, पिळायला जमेना म्हणून नळावर तसाच निथळत ठेवला. गॅलरीत उभं राहून समोरच्या बिल्डिंगचा पाण्याचा टँकर आला की नाही ते बघितलं. आईच्या फोटोवरचं जळमट काढलं. वर्तमानपत्र दोनदा वाचलं, पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा चष्म्याशिवाय. मी सगळं टिपत होते. दुपारी जेवून ते झोपले, आणि मलाही डुलकी लागली.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. बाबा आरशासमोर उभे होते. तोंड धुतलेलं, केस ओले करून बसवलेले. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, एकेक बटण लावलं. पायजमा बदलून पँट घातली. मग दाराकडे तोंड करून खुर्चीत ताठ बसले.

"बाबा, कुठे निघालात?"

त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. "कुठे नाही गं. साडेसहाला तू येतेस ना, म्हणून..." आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. ते ओशाळे झाले. "अरे हो. आज तू घरीच आहेस, नाही का."

नऊ वर्षं मी साडेसहाला त्या दारातून आत येते. येते ती चपला भिरकावत, ऑफिसला शिव्या देत, थेट गॅसकडे. समोर बसलेल्या माणसाने काय घातलंय हे मी एकदाही बघितलेलं नव्हतं.

बाबांनी सावकाश सगळी बटणं काढली. शर्ट हँगरला लावून कपाटात ठेवला आणि पायजमा घालून परत खुर्चीत आले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आज काय आहे?" मी सोमवार म्हटलं. संध्याकाळ अजून सगळी पडली होती, आणि मी घरात बसले असल्यामुळे त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.